गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

कुत्र्याच्या कानामागे दोन गोचीड दिसले की माणूस शॅम्पू आणतो, घासूनपुसून आंघोळ घालतो आणि दिसतील तेवढे उपटून टाकतो. आठवडाभर शांतता असते, मग पुन्हा चार दिसतात. मग गळपट्टा येतो, पावडर येते, शेजारच्याने सांगितलेलं गोठ्यातलं औषध येतं. दोन-तीन महिन्यांनी कुत्रा जेवणाकडे पाठ फिरवतो आणि रक्ताच्या रिपोर्टवर प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) अवघ्या चाळीस हजार निघतात, म्हणजे गोचीडताप. पशुवैद्यांना ही गोष्ट तोंडपाठ झालेली आहे.

एवढं करूनही हे होतं, कारण कुत्र्यावर दिसणारे गोचीड म्हणजे घरातल्या एकूण गोचिडांचा लहानसा हिस्सा. बाकीचे सगळे फरशीच्या सांध्यात, चौकटीमागे, सोफ्याच्या शिवणीत, भिंतीच्या भेगांत आपल्या पाळीची वाट बघत बसलेले असतात. त्यामुळे उपायही दोन आघाड्यांवर, एकाच वेळी आणि किमान तीन महिने करावा लागतो.

आधी शत्रू ओळखा

आपल्याकडे कुत्र्यावर सर्रास दिसणारा तांबूस-तपकिरी गोचीड म्हणजे ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. गाईम्हशींवरचा गोचीड त्याचा चुलतभाऊ, पण सवयी वेगळ्या. गायीचा गोचीड बारका असताना एकदा अंगावर चढला की पूर्ण वाढ होईपर्यंत तिथेच राहतो. कुत्र्याचा गोचीड मात्र तीनदा चढतो आणि तीनदा उतरतो.

अंड्यातून निघालेलं पिल्लू खसखशीएवढं असतं, त्याला सहा पाय असतात. ते कुत्र्यावर चढून तीन ते सात दिवस रक्त पितं, गळून पडतं, एखाद्या फटीत जाऊन कात टाकतं आणि आठ पायांचं होऊन बाहेर येतं. आता ते तिळाएवढं असतं. पुन्हा चढतं, पितं, गळतं, पुन्हा कात टाकतं. तिसऱ्या खेपेला चढतो तो पूर्ण वाढलेला गोचीड. मादी एक ते तीन आठवडे रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म फुगते. (एरंडाच्या शास्त्रीय नावातला ‘रिसिनस’ हा लॅटिन शब्द मूळचा गोचिडाचाच, बी बघून झाडाला ते नाव पडलं.) फुगलेली मादी खाली पडते, भिंतीवर चढते, भेग शोधते, चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते. उष्ण हवेत हे सगळं चक्र दोन-तीन महिन्यांत पुरं होतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: कुत्र्यावरून एक टम्म मादी गळून सोफ्यामागे गेली, तर पुढच्या महिन्यात तिथून हजारभर तरी पिल्लं निघतील. दुसरी: उपाशी पूर्ण गोचीड वर्षभरही तग धरतो. म्हणून घर चार महिने बंद ठेवलं तरी प्रश्न सुटत नाही, आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये आधीच्या भाडेकरूचा कुत्रा होता की नाही हे विचारून घ्यायला हवं. हा गोचीड पूर्णपणे घरातच पिढ्यान्‌पिढ्या काढू शकतो. त्याला गवत लागत नाही, पाऊसही लागत नाही. “आमचा कुत्रा खाली उतरतच नाही” हा बचाव म्हणूनच टिकत नाही. जिन्यातून, पायपुसण्यातून, पाहुण्या कुत्र्यावरून एक मादी आली की पुरे.

रोजची पाच मिनिटं

संध्याकाळी फिरून आल्यावर, उजेडात, बोटांच्या टोकांनी तपासा. नुसतं डोळ्यांनी बघून लॅब किंवा गोल्डन रिट्रीव्हरच्या दाट केसांत काही सापडत नाही. क्रम ठरवून ठेवला की जागा सुटत नाहीत: ओठांच्या कडा, पापण्या, कानाची पाळी आतून-बाहेरून, पट्ट्याखालची मान, पुढच्या पायांची काख, छाती, जांघ, शेपटीखाली, आणि सगळ्यात शेवटी चारही पायांची बोटं एकेक फाकवून. बोटांमधल्या कातडीत लपलेले बारके गोचीड सगळ्यात जास्त सुटतात. कुत्रा एकच पंजा सारखा चाटत असेल तर आधी तिथे बघा.

एक चूक वारंवार होते: पोटावरची स्तनाग्रं किंवा एखादा चामखीळ गोचीड समजून चिमट्याने ओढणं. स्तनाग्रं नरालाही असतात, पोटाच्या दोन्ही बाजूंना रांगेत असतात आणि त्यांना पाय नसतात. शंका असेल तर टॉर्च लावा. गोचिडाचे पाय कातडीजवळ दिसतात.

काढायचा कसा

लागणाऱ्या वस्तू: बारीक टोकाचा चिमटा (भुवया कोरायचा सपाट टोकाचा नको), हातमोजे, झाकणाची छोटी बाटली आणि तिच्यात बोटभर स्पिरिट किंवा साबणाचं दाट पाणी.

1. केस बाजूला करून कातडी दोन बोटांनी ताणून धरा.
2. चिमट्याची टोकं गोचिडाच्या फुगलेल्या पोटावर नाही, तर कातडीला अगदी टेकून, त्याच्या तोंडाशी बसवा. पोट दाबलं तर त्याच्या आतला द्रव कुत्र्याच्या अंगात उलटा जाण्याची भीती असते.
3. सरळ वर, हळूहळू, सारख्या जोराने ओढा. झटका नको, पिळणं नको.
4. निघालेला गोचीड बाटलीत टाका आणि झाकण लावा. बेसिनमध्ये किंवा खिडकीबाहेर टाकू नका. तो चालत परत येतो.
5. जागा पातळ केलेल्या बीटाडीनने (पाण्यात चहाचा फिका रंग येईल एवढं) पुसा.

तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने उकरत बसू नका. शरीर तो स्वतःच बाहेर टाकतं. त्या जागी वाटाण्याएवढी गाठ आठ-पंधरा दिवस राहू शकते. ती वाढत गेली किंवा पू झाला तर दाखवा.

काडी पेटवून चटका देणं, रॉकेल, काळं ऑइल, तंबाखूचं पाणी, डांबरगोळ्यांची पूड हे सगळं बंद करा. चटका बसलेला गोचीड पोटातलं ओकतो, आणि बाकीच्या वस्तू कुत्रा चाटून पोटात घेतो. तंबाखूतलं निकोटीन कुत्र्याला गोचिडापेक्षा कितीतरी लवकर मारतं. जुन्या मंडळींची गॅमेक्सीनची पूड कुठे उरली असेल तर तिच्यावर आता बंदी आहे, एवढं पुरे. कडुनिंबाचं तेल वासाने काही तास गोचिडांना लांब ठेवतं, चिकटलेल्यांना मारत नाही. आंघोळीने गोचीड बुडत नाहीत. पाण्याखाली ते तासन्‌तास जगतात.

अंगठ्याच्या नखावर गोचीड चिरडायची सवयही सोडा. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरीत ज्या माकडतापाची (माणसाला होणाऱ्या विषाणूच्या तापाची) भीती असते तो जंगलातल्या वेगळ्या जातीच्या गोचिडांतून पसरतो, पण त्या भागात कुत्रा रानात जाऊन आला तर त्याच्या अंगावर कोणती जात आली हे नुसत्या डोळ्याने कळणं कठीण. चिरडलेल्या गोचिडाचं रक्त नखाच्या चिरेत जाऊ देण्यात काहीच शहाणपण नाही. गोचीड चावल्यानंतर घरातल्या माणसाला ताप आला, तर डॉक्टरांना गोचिडाचं आवर्जून सांगा.

कुत्र्याचं औषध: कोणतं आणि का

आजच्या घडीला सगळ्यात भरवशाच्या म्हणजे चावून खायच्या गोळ्या. अफॉक्सोलॅनर (नेक्सगार्ड) आणि सारोलॅनर (सिंपारिका) महिन्याला एक, फ्लुरालॅनर (ब्रेव्हेक्टो) बारा आठवड्यांना एक. गोळी कुत्र्याच्या वजनाच्या गटाप्रमाणे असते. मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करून दोन लहान कुत्र्यांना देण्याची काटकसर करू नका, औषध गोळीत सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही. ब्रेव्हेक्टो भरल्या पोटी द्या, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. ज्या कुत्र्याला पूर्वी फिट आली आहे त्याला या गटातलं काहीही देण्याआधी पशुवैद्याशी बोला, कारण क्वचित या औषधांनी झटके येतात.

या गोळ्यांबद्दल एक गैरसमज हमखास होतो. औषध रक्तात असतं, म्हणून गोचीड चावल्याशिवाय मरत नाही. गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसणारच. तो काढून बघा: चपटा, सुकलेला, पाय न हलवणारा असेल तर औषध काम करतंय. एक-दोन दिवस उलटूनही टम्म फुगलेला, जिवंत गोचीड वरचेवर मिळू लागला तर मात्र डोस, वजन, किंवा गोळी खरंच पोटात गेली का हे तपासा. काही कुत्री गोळी गालात धरून सोफ्यामागे टाकतात.

पाठीवर टाकायचे थेंब (फिप्रोनिल) स्वस्त पडतात, पण लावताना चुकतात. खांद्यांच्या मध्ये केस फाकवून नळीचं टोक कातडीला टेकवा. केसांवर ओघळलेलं औषध वाया गेलं समजा. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको, कारण ते कातडीच्या तेलकटपणातून अंगभर पसरतं. पावसाळ्यात रोज भिजणाऱ्या कुत्र्याला हा मार्ग कमी उपयोगी. फ्लुमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनचे पट्टे चांगले असतात, फक्त ते मानेला टेकलेले हवेत (दोन बोटं जातील एवढेच सैल) आणि पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असलेलं काहीही आणू नका. ही औषधं मांजराच्या जिवावर बेततात.

आता गोठ्यातल्या औषधाविषयी. अमिट्राझचं 12.5 टक्के द्रावण जनावरांसाठी सगळीकडे मिळतं. कुत्र्यासाठी 1 लिटर पाण्यात 2 मिली टाकलं की 0.025 टक्के होतं. लोक काय करतात, तर झाकणभर म्हणजे साधारण 10 मिली औषध अर्ध्या बादलीऐवजी अर्ध्या लिटर मगात टाकतात. ते झालं 0.25 टक्के, दहापट. मग कुत्रा झिंगल्यासारखा पडून राहतो, अंग गार पडतं, नाडी मंदावते. पिल्लं, म्हातारी आणि मधुमेही कुत्री यांना तर ते नकोच. आयव्हरमेक्टिनचं गुरांचं इंजेक्शनही गोचिडांवर भरवशाचं नाही, आणि कोली, शेटलँडसारख्या जातींना ते मेंदूपर्यंत पोचून मारू शकतं. गोळी परवडत असेल तर या वाटेला जाऊच नये, असं आमचं स्पष्ट मत.

आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना आधी चिमटा आणि मग पशुवैद्याचा सल्ला. बारक्या पिल्लावर शे-दीडशे गोचीड असतील तर नुसत्या रक्तशोषणानेच ते दगावू शकतं. हिरड्या पांढऱ्या दिसत असतील तर सकाळची वाट बघू नका.

घर

इथे बहुतेक लोक कंटाळतात, आणि इथेच लढाई जिंकली किंवा हरली जाते.

पहिला दिवस कपडे-गाद्यांचा. कुत्र्याचं अंथरूण, त्याच्या आवडत्या सोफ्याच्या खोळी, पायपुसणी, पडद्यांची खालची कड, सगळं 60 अंशांवर धुवा किंवा उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजवा. जुनं गोणपाट, फाटकी गादी, कापूस बाहेर आलेली उशी धुण्याच्या भानगडीत न पडता पिशवीत घट्ट बांधून टाकून द्या. कुत्र्याला पुढचे तीन महिने साधी सुती चादर बरी. ती दर आठवड्याला धुता येते.

दुसरा दिवस व्हॅक्यूमचा. फरशीपेक्षा कडा महत्त्वाच्या: स्कर्टिंगचा वरचा सांधा, दाराच्या चौकटी, खिडक्यांच्या सरकत्या पट्ट्या, पलंगाचे जोड, सोफ्याच्या उशांखालची खाच. मादी वर चढते हे विसरू नका, म्हणून तसबिरींच्या मागे आणि छताच्या कोपऱ्यांतही टॉर्च मारा. व्हॅक्यूमची पिशवी लगेच बाहेर काढून बांधा, नाहीतर ती गोचिडांची धर्मशाळा होते. व्हॅक्यूम नसेल तर चिकटपट्टी आणि टॉर्च घेऊन हेच काम होतं, वेळ जास्त लागतो.

तिसरं काम भेगा बुजवण्याचं, आणि औषधापेक्षा आम्ही याला जास्त गुण देऊ. पांढरं सिमेंट, पुट्टी, सिलिकॉन, जे जमेल ते घेऊन चौकटींभोवतीच्या फटी आणि फरशीचे निघालेले सांधे भरा. कोकणात चिऱ्याच्या न गिलावलेल्या भिंती आणि दगडी गडगे, देशावर मातीच्या जुन्या भिंती, ही गोचिडांची अक्षय्य कोठारं. जिथे कुत्रा झोपतो त्या बाजूची भिंत तरी कमरेपर्यंत गिलावा करून घ्या, किंवा त्याची झोपायची जागा भिंतीपासून दोन हात लांब, उन्हात आणता येईल अशा खाटेवर हलवा.

औषध फवारायचं असेल तर ते अधिकृत कीडनियंत्रण करणाऱ्याकडून, फटींवर रोखून. सगळ्या फरशीवर पुसून काढल्यासारखं मारलेलं औषध फटीतल्या गोचिडापर्यंत पोचत नाही, आणि कुत्र्याच्या पंजांवर मात्र बसतं. फवारणी पूर्ण वाळेपर्यंत कुत्रा, मांजर, लहान मुलं बाहेर. मत्स्यटाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद. एका फवारणीने काम होत नाही कारण अंड्यांवर औषध चालत नाही. दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी, पुन्हा तितक्याच अंतराने तिसरी हवी. औषध मारूनही मुळीच फरक नसेल तर औषधाचा गट बदलायला सांगा, कारण पाइरेथ्रॉइड औषधांना (पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांचा गट) न जुमानणारे गोचीड ठिकठिकाणी आढळले आहेत. झुरळांच्या खडूच्या रेघा ओढून काही होत नाही, कुत्रा चाटतो तेवढंच.

एक गोष्ट उलटी वाटेल: या काळात गोळी दिलेल्या कुत्र्याला घराबाहेर बांधू नका, नातेवाइकांकडेही पाठवू नका. घरातले उपाशी गोचीड खाऊ शोधत शेवटी त्याच्यावरच चढतात आणि चावून मरतात. तो फिरता सापळाच असतो. कुत्रा पाठवून दिला की गोचीड फटीत वाट बघत राहतात, क्वचित माणसांनाही चावतात.

बारा आठवड्यांचं कॅलेंडर

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज सापडलेल्या गोचिडांचा आकडा लिहा, जिवंत आणि मेलेले वेगळे. पहिल्या आठवड्यात आकडा धडाधड खाली येतो आणि लोक सुटकेचा श्वास टाकतात. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात आकडा पुन्हा वर जातो, कारण तुम्ही सुरुवात करण्याआधी घातलेली अंडी आता फुटतात. खसखशीसारखी पिल्लं पंजांवर आणि कानांच्या कडांवर झुंडीने दिसतात. घाबरून याच वेळी लोक गोळीवर थेंब, थेंबांवर पट्टा असं सगळं एकदम चढवतात. गरज नसते. चिकटपट्टीने पिल्लं उचला, चादर धुवा, ठरलेली फवारणी करा. आठव्या आठवड्यानंतर दिवसाला एखाद-दुसरा, बाराव्यानंतर आठवड्यात एखादा, असा उतार दिसायला हवा. उतार दिसला नाही तर घरात किंवा जिन्यात एखादी जागा सुटली आहे: पाण्याच्या मीटरची पेटी, बंद गॅलरी, शेजारच्याचा औषध न दिलेला कुत्रा. बाराव्या आठवड्यात पुढची गोळी चुकवू नका, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

गोचीडताप

“टिक फीवर” हा एक आजार नाही, तीन-चार आजारांचं घरगुती नाव आहे. एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू, बबेशिया हा लाल पेशींत शिरणारा परजीवी, आणि हेपॅटोझून हा आणखी एक परजीवी, जो गोचीड चावल्याने नव्हे तर कुत्र्याने गोचीड गिळल्याने होतो. म्हणून कुत्रा दातांनी गोचीड उपटून खात असेल तर ते कौतुकाचं नाही. एर्लिकिया काही तासांच्या चाव्यातही अंगात जाऊ शकतो, त्यामुळे “रोज संध्याकाळी काढतो” एवढ्याने कुत्रा सुरक्षित होत नाही. प्रतिबंधक औषध लागतंच.

एर्लिकियाची लक्षणं चाव्यानंतर साधारण आठ ते वीस दिवसांनी दिसतात. तोवर गोचीड गळून गेलेला असतो, आणि लोक सांगतात, “हल्ली तर एकही नाही.” जेवणात निरुत्साह, जिना चढायचा कंटाळा, डोळ्यांत चिपडं, मागचे पाय अवघडल्यासारखे, ही सुरुवात. पुढे पोटावर किंवा हिरड्यांवर लाल ठिपके, नाकातून रक्त. बबेशियात हिरड्या फिक्या किंवा पिवळसर होतात आणि लघवी कोऱ्या कॉफीसारखी.

घरी तीन गोष्टी तपासता येतात. ताप: डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात दोन-तीन सेंटिमीटर. निरोगी कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणजे माणसाला जो ताप वाटेल तो त्याचा नेहमीचा. 103 च्या वर ताप, 104 ला त्याच दिवशी दवाखाना. नाक कोरडं-गरम आहे यावरून काहीही ठरत नाही. हिरड्या: बोटाने दाबून सोडा, पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. श्वास: झोपेत मिनिटाला तीसच्या वर सतत जात असेल तर काहीतरी बिघडलं आहे.

घरातलं क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही देऊ नका. ब्रुफेन-डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड बिघडतं. प्लेटलेट आधीच कमी असताना त्या व्रणातून होणारं रक्त थांबत नाही. डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक) घरात आहे म्हणून तपासणीसाठी रक्त देण्याआधी सुरू करू नका, मग पीसीआर तपासणीत जंतू सापडत नाही.

दवाखान्यात काय मागायचं? रक्ताची पूर्ण गणना प्लेटलेटसह, आणि कानाच्या टोकावरच्या थेंबाची काचपट्टी. झटपट किट कुठलं आहे ते विचारा. 4डीएक्स नावाचं प्रसिद्ध किट एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा, लाइम (हे दोन्ही गोचिडांतून येणारे जिवाणूंचे आजार) आणि हृदयातले जंत बघतं. त्यात बबेशिया नाही. किट निगेटिव्ह आहे म्हणून टिक फीवर नाही असं समजून परत आलेले कुत्रे बबेशियाने खंगत जातात. शिवाय ते किट एर्लिकियाच्या प्रतिपिंडांवर चालतं. पहिल्या काही दिवसांत ते निगेटिव्ह येऊ शकतं आणि बरं झाल्यावर कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकतं. बबेशियाच्या दोन जातींना औषधं वेगवेगळी लागतात. मोठ्या जातीला इमिडोकार्बचं इंजेक्शन, लहान जातीला (गिब्सोनी) अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन. जात न ओळखता दिलेलं इंजेक्शन वाया जातं, म्हणून शंका असेल तिथे पीसीआरचा खर्च सार्थकी लागतो.

अठ्ठावीस दिवस

एर्लिकियावर डॉक्सीसायक्लिन, किलोमागे 10 मिग्रॅ रोज, 28 दिवस. 20 किलोच्या कुत्र्याला दिवसाला 200 मिग्रॅ होतात, बहुधा सकाळी 100 आणि रात्री 100. कुत्रा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठून शेपूट हलवू लागतो आणि आठव्या दिवशी गोळ्या बंद होतात. मग जंतू अंगात दबून राहतो, महिन्यांनी किंवा वर्षांनी परत वर येतो, आणि त्या वेळी अस्थिमज्जाच थकलेली असते. त्या अवस्थेतून कुत्रा परत आणणं फार अवघड. 28 म्हणजे 28.

डॉक्सीने उलटी होते, म्हणून ती रिकाम्या पोटी नको. आधी अर्धं जेवण, मग गोळी, मग उरलेलं जेवण, आणि वर सुई काढलेल्या सिरिंजने गालातून पाच-दहा मिली पाणी, म्हणजे गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करणार नाही. दूध, पनीर, कॅल्शियम किंवा लोहाचं टॉनिक यांच्यापासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. ते डॉक्सीला आतड्यातच बांधून टाकतात. पपईच्या पानांचा रस प्लेटलेटसाठी अनेक घरांत दिला जातो. त्याने एर्लिकिया मरत नाही, आणि कडू रसाने उलटी होऊन डॉक्सी बाहेर पडली तर नुकसानच.

जेवण चालत नसेल तर चिकनचं सूप द्या, पण कांदा, लसूण, मीठ न घातलेलं. कांदा-लसणाने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात, आणि इथे त्या आधीच कमी आहेत. भातात ते सूप, बोटभर उकडलेली कलेजी, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. प्लेटलेट कमी असेपर्यंत उड्या, दोरीची खेचाखेच, कडक हाडं आणि दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती बंद. आठवड्याने एकदा, कोर्स संपल्यावर एकदा आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी एकदा रक्ताची गणना करा. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही. एर्लिकियाविरुद्ध टिकाऊ प्रतिकारशक्ती येत नाही.

नाकातून न थांबणारं रक्त, कॉफीसारखी लघवी, पांढऱ्या हिरड्या, उभं राहता न येणं, यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, आणि शक्य असेल तर लघवीचा नमुना स्वच्छ बाटलीत सोबत घ्या.

सोसायटीतले कुत्रे

गेटपाशी झोपणाऱ्या चार कुत्र्यांवर गोचीड असतील तर तुमच्या घरातली मोहीम दर महिन्याला नव्याने सुरू होते. ओळखीच्या, हातून खाणाऱ्या कुत्र्यांना बारा आठवड्यांची गोळी उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात घालून देता येते. चार घरांनी वर्गणी काढली तर माणशी ओझं फारसं पडत नाही. वजन डोळ्यांनी ठरवताना चुकायला होतं, म्हणून पहिल्या वेळी पशुवैद्याला किंवा प्राणिमित्र संस्थेच्या माणसाला सोबत घ्या. गोळी गिळेपर्यंत समोर उभे राहा आणि कोणाला, कोणत्या तारखेला दिली ते लिहून ठेवा, कारण दोन घरांनी एकाच कुत्र्याला दोनदा देण्याचा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. बाळंत झालेल्या कुत्रीला किंवा आजारी दिसणाऱ्या कुत्र्याला मात्र विचारल्याशिवाय काही देऊ नका. कुत्रा बोर्डिंगमध्ये ठेवायचा असेल तर गोळी त्याला नेण्याच्या दोन दिवस आधी द्या, आणि आणल्यावर घरात घेण्याआधी दारातच कान आणि पंजे तपासा.